शेठ वालचंद आणि कुर्ल्याची मोटार

गिरगावातून ऑपेरा हाऊसकडे वळले, की एके काळी मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांची रांग सुरू होत असे. परळ-लालबागच्या गॅरेजांतले मिस्त्री तेथे जुना, तेलकट भाग फडक्यात गुंडाळून आणत आणि नवा भाग त्याच्याशी ताडून पाहत. दात्याला दाता लागतो की नाही, भोकासमोर भोक येते की नाही, दांड्याची जाडी बेअरिंगच्या मापाची आहे की नाही, हे हातांनी आणि डोळ्यांनी ठरवले जाई. डॉज, प्लिमथ, डिसोटो आणि पुढे फियाट ही परदेशी नावे त्या काउंटरांवर अगदी घरची होऊन गेली होती. यांतल्या असंख्य गाड्या मुंबईच्याच हद्दीला लागून असलेल्या कुर्ल्यात बांधल्या गेल्या. तो कारखाना ज्यांच्या हट्टातून उभा राहिला, ते शेठ वालचंद हिराचंद मात्र मुळात मोटारींच्या धंद्यातले नव्हते. रेल्वेच्या मातीकामाचे कंत्राटदार म्हणून त्यांनी आयुष्याला सुरुवात केली होती.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. दोशी हे जैन घराणे मूळचे गुजरातेतील. पण सोलापुरात ते इतके मुरले होते, की मराठी ही त्यांची व्यवहाराचीच नव्हे, तर जिव्हाळ्याचीही भाषा झाली होती. जन्मानंतर काही दिवसांतच आई गेली. वडील हिराचंद नेमचंद हे सावकारी आणि कापसाचा व्यापार करणारे, धर्मनिष्ठ व समाजात मान असलेले गृहस्थ. मुलाने शिकावे अशी घरची इच्छा होती. त्याप्रमाणे वालचंद मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. पण पदवीपर्यंत ते थांबले नाहीत. घरच्या पेढीतही त्यांचे मन रमले नाही. व्याजाचे आकडे वहीत वाढत जातात, डोळ्यांना मात्र काहीच उभे राहिलेले दिसत नाही, ही त्या व्यवसायातील उणीव त्यांना फार लवकर जाणवली असावी.

लक्ष्मण बळवंत फाटक हे रेल्वेच्या कचेरीत काम केलेले गृहस्थ त्यांना भेटले आणि त्यांच्या आयुष्याचा रूळ बदलला. अनुभव फाटकांचा आणि भांडवल वालचंदांचे, अशी ही भागीदारी. बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी-तडवळे या छोट्या टप्प्याचे काम त्यांनी घेतले आणि पार पाडले. त्यानंतर कामे मिळत गेली. पहिल्या महायुद्धात लष्करी बांधकामांनी धंदा फुगला. युद्धानंतर टाटांच्या सहकार्याने मोठी बांधकाम कंपनी उभी राहिली. मुंबईहून पुण्याला जाताना बोरघाटातील ज्या बोगद्यांतून गाडी आजही जाते, त्यांतील अनेक बोगद्यांचे काम आणि मुंबईला पाणी आणणाऱ्या तानसाच्या जलवाहिनीचे काम याच काळातले. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. बॅलार्ड इस्टेटमधील त्यांच्या कचेरीतून मग पूल, धरणे, बोगदे आणि साखर कारखाने यांची सूत्रे हलू लागली. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव आणि पुणे जिल्ह्यातील कळंबजवळचे वालचंदनगर या वसाहती माळरानावर उभ्या राहिल्या. मुंबईतील महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचे पहिले अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले.

जहाजांची कथा अधिक परिचित आहे. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज विकत घेऊन वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी ते जहाज मुंबईहून लंडनला निघाले. त्या तारखेला आज राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाला बुडवण्याचा प्रयत्न केला. कंपनी बुडाली नाही, पण १९२३ मध्ये तिला जाचक करार पत्करावा लागला. या लढ्यातून वालचंद एक गोष्ट शिकले. परक्यांनी बांधलेले जहाज घेऊन परक्यांशी स्पर्धा करता येते, पण ती त्यांच्या सोयीपुरतीच. जहाज बांधणेच आपल्या हाती हवे. मोटारीच्या बाबतीतही त्यांनी पुढे हाच धडा गिरवला आणि त्याची किंमतही मोजली.

मोटार तोवर मुंबईला नवी राहिली नव्हती. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी शहरातील पहिली मोटारबस धावली. दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, अमेरिकेच्या जनरल मोटर्सने परळला लागून असलेल्या शिवडीत जुळणीचा कारखाना सुरू केला. फोर्डनेही मागोमाग मुंबईत बस्तान बसवले. बंदरात लाकडी खोकी उतरत. त्यांत इंजिन, गिअर बॉक्स, चासीचे सांगाडे, सारे काही परदेशातच तयार होऊन आलेले असे. येथील कामगारांनी ते खोलायचे, बोल्ट आवळायचे, रंग द्यायचा आणि गाडी फाटकाबाहेर काढायची. परळच्या रेल्वे वर्कशॉपांत आणि गिरणगावातील यंत्रखात्यांत तयार झालेल्या फिटर-टर्नरांना हे काम म्हणजे हातचा मळ. अवघड काम सातासमुद्रापलीकडे आधीच होऊन गेलेले असे.

ते अवघड काम म्हणजे नेमके काय, हे पाहिल्याशिवाय वालचंदांच्या हट्टाचे मोल कळत नाही. मोटारीच्या इंजिनाच्या मागील टोकाला एक जड चाक बसवलेले असते, तेच फ्लायव्हील. पिस्टनचे झटके गिळून ते फिरणे सलग करते. त्याच्या परिघावर दात्यांची एक कडी घट्ट बसवलेली असते. गाडी सुरू करताना स्टार्टरचा, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेतील ‘सेल्फ’चा, चिमुकला गिअर पुढे सरकून या कडीत अडकतो आणि इंजिनाला पहिला फेरा देतो. त्याच चाकाच्या दुसऱ्या अंगाला क्लचची चकती दाबलेली असते आणि क्लचमधून निघालेला दांडा थेट गिअर बॉक्समध्ये शिरतो. म्हणजे एकाच चाकाला तिघांशी जुळवून घ्यावे लागते. दात्यांच्या मापात किंचित फरक पडला, की सेल्फ खरखरतो आणि दाते झडतात. गिअर बॉक्सचा दांडा मध्यातून केसभर सरकला, की क्लच थरथरतो, बेअरिंगे बसतात. चाक प्रमाणाबाहेर जड असेल तर गाडी सुस्त होते. फार हलके केले तर इंजिन चटकन वेग घेते, पण सिग्नलला थांबले की बंद पडते. शर्यतीच्या गाड्या बांधणारे हलके चाक मुद्दाम पसंत करतात. वान्केल धाटणीच्या फिरत्या इंजिनात तर तोल राखणारे वजनही या चाकाशी निगडित असते; तेथे चाक बदलायचे म्हणजे सेल्फपासून गिअर बॉक्सपर्यंतचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो. टॅक्सीची गरज याच्या अगदी उलट. गर्दीत हजारदा थांबून हजारदा सुरू होणारी गाडी तिला हवी असते.

मुंबईच्या मिस्त्रींना हे सारे पुस्तकाविना ठाऊक होते. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना साधारणपणे ठरावीक दोन जागीच विसावते. त्यामुळे कडीचे दातेही समोरासमोरच्या त्या दोन जागीच झिजतात. मग कडी तापवून काढायची, उलटी करून किंवा थोडी फिरवून पुन्हा गरम असतानाच चाकावर चढवायची. थंड होताना ती आपोआप आवळून बसते. असा मिस्त्री झिजलेल्या भागाला जन्मभर नवे आयुष्य देऊ शकतो. पण ती कडी, ते चाक आणि तो गिअर मुळापासून, हजारोंच्या संख्येने, एकाच मापाचे करायचे, तर पोलादाची जात, ओतकाम, दाते कापणारी यंत्रे आणि मापन यांची सलग साखळी लागते. देशात अशी साखळी नव्हती. ती उभी राहू नये यातच अनेकांचे हित होते.

या प्रश्नाला प्रथम हात घातला तो सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी. म्हैसूरचे दिवाणपद सोडून बराच काळ लोटला होता, वय सत्तरीच्या पुढे गेले होते. तरीही १९३५ मध्ये युरोप-अमेरिकेतील मोटार कारखाने पाहून त्यांनी भारतीय कारखान्याची सविस्तर योजना आखली. मुंबईच्या उद्योगपतींच्या बैठका झाल्या. त्यांत वालचंद पुढे होते. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले आणि कारखान्याच्या भागधारकांना काही काळ किमान परताव्याची हमी देण्यास ते राजी झाले. कागदावर सारे जुळून आले होते. १९३९ मध्ये वालचंद स्वतः अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी फिसकटली, कारण हिंदुस्थानचा व्यवहार फोर्डच्या कॅनडातील कंपनीच्या अखत्यारीत होता आणि तिला येथे भागीदार निर्माण करण्यात स्वारस्य नव्हते. जनरल मोटर्सचा तर शिवडीत कारखानाच होता. अखेर क्रायस्लर कंपनी तयार झाली. तंत्र क्रायस्लरचे, मालकी भारतीयांची आणि भाग क्रमाक्रमाने येथेच बनवायचे, अशी मांडणी ठरली.

वालचंद परतले तोवर महायुद्ध पेटले होते आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये खेर मंत्रिमंडळ पायउतार झाले होते. प्रांताचा कारभार गव्हर्नरच्या हाती गेल्यावर हमीचा विषय गुंडाळला गेला. म्हैसूर संस्थानाने या कामात रस दाखवला, तर दिल्लीने तेथेही पाय मागे घ्यायला लावले. केंद्र सरकारने दिलेली कारणे वरकरणी सयुक्तिक होती. डॉलर दुर्मीळ झाले आहेत, यंत्रे आणायला जहाजांत जागा नाही, कारखाना उभा राहीपर्यंत युद्ध संपेल. मग युद्धाला त्याचा उपयोग काय? वालचंदांचा प्रतिवाद सरळ होता. लष्कराला हजारो ट्रक हवेत, ते परदेशातून आणायलाही डॉलर आणि जहाजेच लागतात. तेवढ्यात यंत्रे आणली तर ट्रक कायमचे येथेच होतील. सरकारने ऐकले नाही. युद्धकाळात लष्करी गाड्यांची जुळणी परदेशी कंपन्यांच्याच कारखान्यांत होत राहिली. युद्ध पुढे सहा वर्षे चालले, हे लक्षात घेता सरकारचे गणित किती चुकले हे दिसतेच. मात्र ती निव्वळ हिशेबाची चूक होती, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

विमानांच्या बाबतीत नेमके उलटे घडले. त्याच अमेरिका प्रवासातून परतताना विमानात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान उद्योजकाशी गाठ पडली. चीनमध्ये विमाने जुळवणाऱ्या पॉलींना त्यांनी हिंदुस्थानात येण्याची गळ घातली. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी जागा आणि भांडवल दिले आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरमध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्टची स्थापना झाली. ऑगस्ट १९४१ मध्ये तेथे तयार झालेले पहिले प्रशिक्षण विमान आकाशात झेपावले. विमान युद्धाला उपयोगी आणि ट्रक मात्र निरुपयोगी, असा हा न्याय. पण तो आनंदही अल्पकाळाचा. जपानी फौजा ब्रह्मदेशापर्यंत येताच १९४२ मध्ये सरकारने कारखाना आपल्या ताब्यात घेतला. विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते जून १९४१ मध्ये झाली होती. पुढच्याच वर्षी त्या शहरावर जपानी बॉम्ब पडले. तिकडचे काम रखडले, तरी वालचंदांनी सोडले नाही. १९४८ च्या मार्चमध्ये ‘जलउषा’ हे जहाज पंतप्रधान नेहरूंच्या उपस्थितीत पाण्यात उतरले.

मोटारीचा विषय त्यांच्या डोक्यातून कधीच गेला नव्हता. युद्धाचा शेवट दृष्टिपथात आला तसा त्यांनी पुन्हा जोर केला आणि १९४४ मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड ही कंपनी नोंदवली. दरम्यान बिर्लांनी १९४२ मध्ये हिंदुस्थान मोटर्सची नोंदणी करून ओखा बंदरात तयारी चालवली होती. ज्याने दार ठोठावून ठोठावून उघडले, त्याच्याआधी दुसरा आत शिरावा, असा हा प्रकार. पण वालचंदांनी त्याची खंत करत बसल्याचे दिसत नाही. जागा निवडली कुर्ल्याची. बंदर, रेल्वे आणि आग्रा रोड तिन्ही हाताशी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे परळ, लालबाग, माझगावपासून कुर्ल्यापर्यंत पसरलेल्या गिरण्यांत, गोद्यांत आणि वर्कशॉपांत लेथवर हात बसलेला कामगारवर्ग. यंत्रे विकत आणता येतात, असे हात आणता येत नाहीत. या निवडीत कंत्राटदार वालचंदांची जुनी पारख दिसते.

१९४७ च्या मार्चमध्ये, स्वातंत्र्याला काही महिने उरले असताना, कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो या मोटारी आणि डॉज, फार्गो हे ट्रक तेथे तयार होऊ लागले. तयार होऊ लागले म्हणजे आरंभी जुळू लागले, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. खोकी येथेही येतच होती. शिवडी आणि कुर्ला यांत फरक होता तो हेतूचा. शिवडीला खोकी येत राहावीत अशी इच्छा होती आणि कुर्ल्याला ती बंद व्हावीत अशी.

पण हेतूने गाडी चालत नाही. वर्षाला जेमतेम काही हजार गाड्या खपणाऱ्या देशात दाते कापण्याचे किंवा इंजिनाचा ठोकळा ओतण्याचे यंत्र घेणे परवडत नव्हते. आणि ते घेतल्याशिवाय गाडी स्वस्त होऊन खप वाढत नव्हता. त्यात १९४९ च्या सप्टेंबरमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, डॉलर महागला आणि मोठ्या अमेरिकन गाड्यांचे सुटे भाग आणखी आवाक्याबाहेर गेले. त्याच वर्षी सरकारने तयार गाड्यांच्या आयातीवर बंदी घातली, एवढाच काय तो दिलासा. अशा स्थितीत कंपनीने इटलीच्या फियाटशी हात मिळवले. छोटी, पेट्रोल कमी पिणारी, आपल्या गल्ल्यांना आणि खिशाला साजेशी गाडी. हा निर्णय प्रीमियरला तारून गेला. मात्र त्याचे फळ पाहण्याच्या अवस्थेत वालचंद उरले नव्हते.

१९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. सतत फिरणारा, एका वेळी पाच-पाच उद्योगांच्या फायली चाळणारा हा माणूस अंथरुणाला खिळला. १९५० मध्ये त्यांनी कामातून निवृत्ती घेतली. पत्नी कस्तुरबाई त्यांची सेवा करत होत्या. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून भारत सरकारने धोरण जाहीर केले. ज्या कंपन्यांकडे भाग येथेच बनवण्याचा कार्यक्रम नाही, त्यांना नुसत्या जुळणीचा धंदा आवरता घ्यावा लागेल. वालचंद १९३९ पासून ज्यासाठी भांडत होते, ते हेच. जनरल मोटर्सने शिवडीचा कारखाना बंद केला, फोर्डनेही गाशा गुंडाळला. कुर्ल्यात १९५४ पासून फियाट ११०० तयार होऊ लागली. १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला लावलेला गिअर आणि शहरी मध्यमवर्गाला मानवेल असा आकार. पुढील काही वर्षांत इंजिन, गिअर बॉक्स, अ‍ॅक्सल हे जड भाग येथेच होऊ लागले. सगळे एका छपराखाली नव्हते. १९६१ मध्ये मद्रासेत लुकास-टीव्हीएस ही कंपनी उभी राहिली आणि स्टार्टर, डायनॅमो देशातच मिळू लागले. आता वेगवेगळ्या राज्यांत ओतलेले आणि कापलेले दाते एकमेकांत विनातक्रार अडकू लागले. वालचंदांना अभिप्रेत असलेली साखळी ती हीच.

या यशाला दुसरी बाजूही आहे, ती लपवण्याचे कारण नाही. ज्या संरक्षणाने प्रीमियरला वाढवले, त्यानेच तिला आळशीही केले. दोन-तीन कारखान्यांखेरीज ग्राहकापुढे पर्याय नव्हता. गाडी नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे आणि मिळालेली गाडी आतून बरीचशी तीच जुनी असे. १९६४ मध्ये आलेली फियाट ११०० डिलाइट पुढे सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली आणि शतक संपेपर्यंत जवळजवळ त्याच अंगलोटाने धावत राहिली. वालचंद असते तर त्यांनी हे चालू दिले असते का, हा प्रश्न कल्पनेचा आहे. एवढे मात्र खरे, की एका जागी स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

न बदलण्याचा एक लाभ मात्र मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना झाला. तीस वर्षांपूर्वीच्या गाडीची क्लच प्लेट कालच्या गाडीला बसे, आणि लालबागच्या पुलाखालचा कोणताही मिस्त्री तासाभरात सेल्फ उतरवून, दाते पाहून, पुन्हा चढवून देई. गिरगाव, दादर, परळच्या नाक्यांवर काळ्या-पिवळ्या रंगात उभी असलेली ती गाडी शहराच्या चेहऱ्याचा भाग झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातील तिचे उत्पादन नव्या शतकाच्या तोंडाशी थांबले. त्या जागी आता इमारती आहेत. प्रीमियर रोड हे नाव तेवढे टिकून आहे. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली. टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही मुंबईच्या रस्त्यावरून उतरली.